अरविंदच्या जागी

१७ जून १९९४

सामान लावून झालं. दोन ट्रंका, स्टोव्ह, आमच्या श्वेताची छोटी सायकल आणि पुस्तकांचं खोकं. पाळक तयार करणाऱ्या या कॉलेजच्या मागच्या अंगाला लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांची रांग आहे, तिथे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. शेजारी एक मिझो कुटुंब. त्या बाई किटलीभर चहा घेऊन आल्या आणि हसल्या. मीही हसले. त्यांना हिंदी येत नाही, मला इंग्रजी नीट बोलता येत नाही. थोडा वेळ दोघी नुसत्याच हसत उभ्या राहिलो.

नंदूनं सगळ्यात आधी पुस्तकं लावली. पुस्तकं अरविंदची आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव.

"चार वर्षं बघता बघता जातील," नंदू म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

२० जून

नगरला आज शाळा सुरू झाली असेल. पाचवीचा माझा वर्ग कुणाला दिला कोण जाणे.

३ जुलै

नव्या विद्यार्थ्यांची आज साक्ष झाली. म्हणजे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, देवानं मला सेवेसाठी कसं बोलावलं. नंदूनं अरविंदचं सांगितलं. मला ते आता पाठ आहे.

अरविंद माझा धाकटा दीर. त्यानं पाळक व्हायचं लहानपणापासून ठरलेलं. आबांनी — माझ्या सासऱ्यांनी — त्याला तसाच वाढवला. दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. ट्रंक भरून तयार होती. मे महिन्यात कावीळ झाली आणि तो गेला. स्मरणाच्या प्रार्थनेला सगळी मंडळी घरी जमली होती, तेव्हा नंदू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अरविंदच्या जागी मी जाईन." आबा उठले. त्यांनी नंदूला मिठी मारली. माझ्या लग्नापासून मी त्यांना कुणाला मिठी मारताना पाहिलं नव्हतं. सगळे रडले.

एवढं नंदू सांगतो. तो सांगत नाही ते हे — की मी सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले होते आणि मलाही ते त्याच वेळी, सगळ्यांच्या बरोबर कळलं. एसटीतली त्याची नोकरी, माझी शाळा, श्वेताचं काय. मला त्यानं विचारलं नाही. नंतरही नाही.

आजही लोक "आमेन" म्हणाले. रुग्णांना कसं भेटावं, दुःखात कसं बोलावं हे शिकवणाऱ्या एक केरळच्या मॅडम आहेत, केस सगळे पांढरे. त्या नंदूकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला हिंदीत विचारलं, "और आप?"

मी म्हटलं, मी त्यांची बायको.

"वो तो मालूम है," त्या म्हणाल्या.

१९ जुलै

दिवसभरात मराठी फक्त श्वेताशी. तीही संध्याकाळी कन्नडमध्ये आकडे म्हणून दाखवत होती.

७ ऑगस्ट

इथल्या मल्लेश्वरमच्या बाजारात भाजी आणायला गेले. भाजीवाली काहीतरी विचारत राहिली, मी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिले. घरी आले तर पिशवीत नुसती वांगी. नंदूला सांगितलं. त्यानं ग्रीकच्या पुस्तकातून मान वर केली नाही. मग एकटीच हसले. एकटीनं हसायची अजून सवय नाही.

एक गोष्ट लिहून टाकते. अरविंद आजारी होता तेव्हा आम्ही सगळे रोज गुडघे टेकून बसत होतो. तो गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटते, ओठ हलवते, आत काही नसतं. पाळकाची बायको होणार मी. कुणाला सांगू?

४ सप्टेंबर

नंदूला हॉस्पिटलचं काम मिळालं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रुग्णांना भेटायला जायचं. शुक्रवारी आला तेव्हा विचारलं, कसं असतं?

"असतं," म्हणाला.

२७ सप्टेंबर

नळावर मॅडम भेटल्या. "गोजराबाई कशा आहेत?"

कोण गोजराबाई? मी नुसती बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. मल्लेश्वरमच्या एक म्हाताऱ्या बाई. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, पण घरात मराठी. झटका आला, उजवं अंग गेलं, आणि जन्मभर बोललेली कन्नड पुसून गेली. राहिली ती फक्त मराठी. नर्सना एक शब्द कळत नाही. म्हणून हॉस्पिटलनं कॉलेजला विचारलं, कुणी मराठी आहे का. नंदू एकटाच. तो दर आठवड्याला वर्गात त्यांच्याबद्दल सांगतो म्हणे — त्या काय बोलल्या, त्यानं कोणतं वचन वाचलं.

मला तो यातलं काही सांगत नाही. मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

संध्याकाळी नंदूला विचारलं. तो चपाती मोडत होता. "बरी आहे म्हातारी," म्हणाला, आणि ती चपाती तशीच ताटात ठेवून उठला.

३० सप्टेंबर

श्वेताला शेजारच्या बाईंकडे ठेवलं आणि दुपारी मी हॉस्पिटलला गेले. का गेले? नंदूची परीक्षा घ्यायला? असेलही. पण कुणीतरी मराठी बोलतंय हे कळल्यापासून मला राहवत नव्हतं, हे जास्त खरं.

बसमधून उतरले तर फाटकासमोरच्या स्टॉपवर नंदू बसलेला. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. माझ्याकडे बघून दचकलाही नाही. मी शेजारी बसले.

"एकदाच आत गेलो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. वॉर्डाच्या दारापर्यंत. अरविंदच्या वॉर्डातला तोच वास आला, शुभदा."

"आणि वर्गात सांगतोस ते?"

"इथे बसून ठरवतो."

बसेस येत होत्या, जात होत्या. मग त्यानं जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या दिवशी अरविंदजवळ तो एकटाच होता. आम्ही जेवायला घरी आलो होतो. अरविंद त्याला म्हणाला, "दादा, प्रार्थना कर ना माझ्यासाठी." नंदूला आबांसारखी, अरविंदसारखी मोठ्यानं प्रार्थना कधी जमली नाही. लाज वाटली. तो म्हणाला, "आधी चहा घेऊन येतो." चहा घेऊन आला तोवर अरविंद बोलायचा बंद झाला होता.

"ती एक प्रार्थना राहिली," नंदू म्हणाला. "म्हणून मी उठून उभा राहिलो त्या दिवशी. मला कुणी बोलावलं-बिलावलं नाही."

मला राग यायला हवा होता. माझी शाळा सुटली, घर सुटलं, ते एका कप चहापायी. पण राग आला नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो इतका गार होता की मला माझीच भीती वाटली — एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं.

"बस इथेच," म्हटलं, आणि आत गेले.

दारावरच्या नर्सला नुसतं "मराठी" म्हटलं. तिनं माझं मनगटच धरलं आणि खाटेपर्यंत ओढत नेलं.

लहानशी बाई. केसांचा गुंता उशीला चिकटलेला. मी वाकून म्हटलं, "मावशी, कशा आहात?"

डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अर्धे सांडत होते, पण कळत होते.

"आलीस काय? येवढा वेळ करतात?" मग म्हणाल्या, "ह्यांना पानी दे म्हणते, तर खिडकी लावतात."

पाणी पाजलं. खिडकी उघडली. कंगवा नव्हता, बोटांनीच केसांचा गुंता काढत बसले. त्या बोलत होत्या. घंटा होईपर्यंत बोलत होत्या. मी वचन वाचलं नाही, प्रार्थना केली नाही. आठवलंही नाही.

४ ऑक्टोबर

पुन्हा गेले. कंगवा नेला.

२१ ऑक्टोबर

गोजराबाई मला अक्का म्हणतात. एवढीशी मी, त्यांच्या लेकीच्या वयाची. कन्नड सगळी गेली, पण "अक्का" आणि "स्वल्प", म्हणजे थोडंसं, एवढे राहिले. ते त्यांना मराठीच वाटत असणार.

"नगर? ते कुठं आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. म्हणाल्या, "आमचे वाडवडील घोड्यावरनं आले हिकडं. घोडी गेली, आमी राहिलो."

आज त्यांची सून भव्या भेटली. ती कन्नड घरातली. मोडक्या हिंदीत म्हणाली, लग्न झाल्यापासून आम्ही दोघी कन्नडमध्येच भांडलो, आता भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. बोलताना हसत होती, आणि पदरानं डोळे पुसत होती. तिला मी चार शब्द लिहून दिले, कन्नड अक्षरं तिनंच घातली — पाणी, दुखतं, भूक, बस. ती शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. बस. बस इथे.

८ नोव्हेंबर

नंदू आज मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून आला. वर्गातल्या गोष्टी खोट्या होत्या हे. स्टॉपचं. चहाचं.

"काय म्हणाल्या?"

"दार लावलं, माझ्याबरोबर बसल्या. मग म्हणाल्या, इथे आल्यापासून हे तुझं पहिलं खरं बोलणं."

रात्रीचं जेवण तो व्यवस्थित जेवला.

१८ नोव्हेंबर

गोजराबाईंना घरी सोडलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा मुलगा गिरीराज वॉर्डाबाहेर थांबला होता. कारखान्यात पाळीवर असतो, दिवसा आईला वेळ देता येत नाही. त्याचं मराठी आईसारखंच. "अक्का, घरी येत ऱ्हावा. आमी चर्चचे नव्हं, तुमाला चालतं ना?"

मी म्हटलं, मी चर्चची म्हणून येत नाही.

घरी येताना विचार करत होते, मग कशाची म्हणून जाते?

२५ डिसेंबर

नाताळ. इथल्या उपासनेत सगळी इंग्रजी गाणी. नगरला या वेळी पोरं ढोलकी घेऊन घरोघर फिरत असतील, सासूबाई सगळ्यांच्या हातावर करंजी ठेवत असतील. मीही केल्या. अर्ध्या फुटल्या. शेजारच्या बाईंनी एक खाल्ली आणि डोळे मोठे केले. आता आमच्या दोघींत बारा-पंधरा शब्द जमले आहेत, सगळे खाण्याचे.

दुपारी मल्लेश्वरमला गेले. करंजीचं सारण गोजराबाईंना भरवलं. खाऊन म्हणाल्या, "आज तुमचा सण न्हवं? म्हण काय तरी तुमचं."

मग आईनं लहानपणी पाठ करून घेतलेलं एक स्तोत्र म्हटलं. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं. मध्ये अडखळले, पण झालं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या देवाला मराठी येतंय की."

मी हसले. बसमध्ये मात्र रडू आवरेना. कंडक्टरनं तिकीट मागितलंच नाही, पुढे गेला.

१४ फेब्रुवारी १९९५

गिरीराज सकाळी दारात उभा. पायात चपला नाहीत. मी पदर खोचला आणि त्याच्या मागं निघाले. नंदू म्हणाला, "मीही येतो." तो आला.

गोजराबाईंना अंगणात ठेवलं होतं. बायका कन्नडमध्ये रडत होत्या, भव्या एकटी मराठीत — "बस, बस" म्हणत. बायकांनी मला जागा करून दिली. मी त्यांचे केस नीट केले, तेवढंच मला करता येत होतं.

नंतर गिरीराजनं मला बाजूच्या खोलीत बोलावलं. "काल दुपारी तुमी होता. आई शेवटचं काय बोलली?"

मला माहीत होतं त्याला काय हवं होतं. आशीर्वाद, त्याचं नाव, निदान देवाचं नाव. क्षणभर वाटलं, द्यावं. मग म्हटलं, "अण्णा, त्या म्हणाल्या, दार लावून घे, मांजर येतंय दुधाला."

तो बघत राहिला. मग हसला, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. "असंच बोलणार ती," म्हणाला. "हे तिचंच आहे." किती वेळ रडला. मी शेजारी बसून होते.

मान वर केली तर नंदू दारात होता. मग तो आत आला. गिरीराजच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

१९ मार्च

नंदूचं ठरलं. परीक्षा देणार नाही, परत जाणार. एसटीची बिनपगारी रजा अजून संपलेली नाही.

बूथवरून नगरला फोन लावला, मेडिकलवाल्यानं आबांना बोलावून आणलं. नंदूनं एकाच दमात सांगितलं. मी काचेबाहेरून त्याचं तोंड बघत होते.

"काय म्हणाले?"

"नुसता श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवला."

२ एप्रिल

आज दोन ओळींपेक्षा जास्त लिहवत नाही. नंदू खोलीभर फिरतोय. आबांना तोंड कसं दाखवायचं, हे एकच.

११ एप्रिल

आबा आले. न कळवता. रिक्षातून उतरले, हातात वळकटी, प्रवासानं डोळे लाल. श्वेता धावत गेली. तिला उचलून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून नंदूकडे बघत राहिले.

दुपारी जेवायला बसलो. आबांनी प्रार्थना केली, नेहमीपेक्षा फार लहान. मी आमटी वाढत होते.

"नंदू," ते म्हणाले, "तू त्या दिवशी उभा राहिलास, तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं, की तुला खरंच जायचंय का. नाही विचारलं. उत्तर ठाऊक होतं."

नंदूनं मान खाली घातली.

"माझा एक मुलगा गेला. मी दुसऱ्याला त्याचे कपडे घालून बसवला आणि म्हटलं, गेलाच नाही." आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मला तू हवास. घरी चल. एसटीतलाच चालेल."

नंदूनं तिथेच, ताटावर, आबांना चहाचं सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "त्याला कावीळ झाली होती रे. तू चहा आणलास म्हणून नाही गेला तो." आणि उष्ट्या हातानंच त्याचं डोकं जवळ ओढलं.

मी आमटीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात आले. ती त्या दोघांची वेळ होती.

१४ एप्रिल

आबा मल्लेश्वरमला गेले होते. गिरीराजनं आग्रहानं बोलावलं म्हणून. परत आल्यावर मला म्हणाले, "शुभदा, त्या घरात तुला काय म्हणतात माहीत आहे? आमची पाळकबाई."

मी म्हटलं, त्यांना शब्द ठाऊक नाही दुसरा.

"मलाही नाही," आबा म्हणाले.

१६ एप्रिल

मॅडम आल्या होत्या. आबांशी बोलल्या, नंदूशी बोलल्या, मग मला बाहेर नेलं. काय विचारलं ते इथे लिहीत नाही. मी म्हटलं, श्वेता सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी म्हटलं, मला स्वयंपाक आहे.

त्या म्हणाल्या, सावकाश.

२० मे

आवराआवर. ट्रंका भरल्या. नंदू शीळ घालत होता, त्याला शीळ येते हे श्वेताला माहीतच नव्हतं. ती बघत राहिली.

रात्री तो म्हणाला, "या वेळी मी विचारतोय. तू सांग. तुला काय हवंय?"

मला लग्नानंतर हा प्रश्न कुणी विचारल्याचं आठवत नाही. उत्तर तयार होतं, त्याचीच लाज वाटली. श्वेता आमच्या मध्ये झोपली होती. मी तिच्या पायावर हात ठेवला आणि सांगितलं.

९ जून १९९५

नंदू आणि श्वेता संध्याकाळच्या कर्नाटक एक्स्प्रेसनं नगरला गेले. श्वेतानं हात हलवला नाही, नुसती बघत राहिली, गाडी हलेपर्यंत. सासूबाई आहेत, आबा आहेत, सुट्टीत मी जाईनच. माझ्या इथल्या प्रवेशाला बिशपसाहेबांचा होकार आबांनीच मिळवला.

बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली. एक खाट, एक टेबल. सोमवारी माझा पहिला वर्ग.